मदनोत्सव खरंच होता का, आणि तो गेला कुठे?

प्रश्न असा आहे: "फेब्रुवारी आला की कोणीतरी हमखास सांगतं, की व्हॅलेंटाइन डे आपला नाही, आपल्याकडे पूर्वी मदनोत्सव नावाचा प्रेमाचा सण होता. तो खरंच होता का? कोणी आणि कधी सुरू केला? आणि एवढा मोठा सण होता तर बंद का पडला?"

होता, आणि चांगला गाजावाजा करून होत होता. मात्र 'कोणी सुरू केला' याला नाव-गाव-तारीख असं उत्तर मिळणार नाही. 'बंद पडला' हे तर मला मान्यच नाही. त्याचे तुकडे आजही आपल्या पंचांगात छापलेले असतात आणि चैत्रात फुलबाजारात विकायला येतात. संस्कृत-प्राकृत नाटकं शिकवण्यात आणि धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

या सणाचं सगळ्यांत भरगच्च चित्र हवं असेल तर हर्षाच्या 'रत्नावली' नाटिकेचा पहिला अंक वाचावा. हर्ष म्हणजे सातव्या शतकातला कनौजचा सम्राट हर्षवर्धन, आणि नाटिकेचा नायक कौशांबीचा राजा उदयन. अंक उघडतो तेव्हा उदयन विदूषकाबरोबर राजवाड्यावरून नगराकडे बघतो आहे. खाली रस्त्यांवर मदनमहोत्सव रंगला आहे. मृदंग वाजताहेत, केशराच्या सुगंधी चूर्णाने सगळ्या दिशा पिवळ्या झाल्या आहेत, लोक एकमेकांवर पिचकाऱ्यांनी पाणी उडवताहेत आणि अंगणात रंगाचा चिखल झाला आहे. तेवढ्यात दोन दासी नाचत-गात येतात. त्यांच्याकडे राणी वासवदत्तेचा निरोप आहे. त्या बोलायला जातात, "राणीसाहेब आज्ञा करतात..." आणि जीभ चावून म्हणतात, "नाही नाही, विनंती करतात." राजा हसतो आणि म्हणतो, 'आज्ञा करतात' हेच बरं वाटतं, त्यातून आज तर मदनमहोत्सव! एरवीच्या दरबारी उतरंडीला त्या दिवशी किती ढील मिळत होती, हे मला या एका जागी जेवढं कळलं तेवढं कुठल्याही विवेचनातून कळलं नाही.

निरोप असा, की मकरंद उद्यानात रक्ताशोकाच्या झाडाखाली कामदेवाची पूजा आहे, राजाने यावं. राणी आधी झाडाखाली मदनाची पूजा करते आणि मग त्याच पूजेच्या ओघात नवऱ्याची पूजा करते. झाडीआड लपून हे सगळं बघणारी एक मुलगी आहे, सागरिका. खरी ती सिंहलाची राजकन्या रत्नावली, पण राजवाड्यात तिला कोणी ओळखत नाही. राजाच्या नजरेस पडू नये म्हणून राणीने तिला मैना सांभाळायच्या निमित्ताने परत पाठवलं होतं. तिने मैना मैत्रिणीच्या हातात दिली आणि गुपचूप मागे आली. राजाला बघून तिला वाटतं, आमच्या वडिलांच्या अंतःपुरात अनंगाची, म्हणजे मदनाची, पूजा चित्रात काढून करतात, इथे तर देव स्वतः येऊन बसलाय! तीही फुलं वेचते आणि दुरूनच त्याला वाहते. संध्याकाळी भाट उदयनाचं नाव घेऊन स्तुती गातात तेव्हा तिला कळतं, की हा देव नव्हे, हा तर राजा, ज्याच्यासाठी वडिलांनी आपल्याला पाठवलं तोच.

नाटक कल्पित असतं हे खरं. पण ही नाटिका वसंतोत्सवालाच जमलेल्या राजेमंडळींसमोर होते आहे, असं सूत्रधार सुरुवातीला सांगतो. कालिदासाचं 'मालविकाग्निमित्र'ही वसंतोत्सवात करायचं ठरलं आहे, असं त्याच्या प्रस्तावनेतच आहे. समोरचा प्रेक्षक ज्या सणात बसला आहे तो सण रंगभूमीवर खोटा दाखवून चालत नाही. म्हणून अशा अंकांना मी पुराव्याच्या जवळचं स्थान देतो.

'मालविकाग्निमित्रा'ची नायिका तर आपल्या विदर्भाची. तिसऱ्या अंकात राणी धारिणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावलेला असतो. अशोकाला फुलं यावीत म्हणून सुंदर स्त्रीने अलंकार घातलेल्या पायाने त्याला लाथ मारायची, अशी रूढी होती. राणीला ते जमणार नाही, म्हणून ती ते काम मालविकेला देते आणि सांगते, पाच रात्रींत झाड फुललं तर तुझी इच्छा पुरवीन. मैत्रीण मालविकेच्या पायाला अळता लावून नूपुर चढवते. राजा झुडपाआड उभा राहून बघतो. धाकटी राणी इरावती त्याला झोपाळ्यावर बसायला बोलावून स्वतः तिथे येऊन पोचते आणि व्हायचा तो गोंधळ होतो. झोपाळा, अशोक, अळता, आंब्याचा मोहोर ही या सणाची सामग्री, आणि ती नाटकानाटकांतून पुन्हा पुन्हा भेटते.

सणाला राजाज्ञेने बंदी घालता येत होती, हेही कालिदासच सांगतो. 'शाकुंतला'च्या सहाव्या अंकात अंगठी सापडल्यावर दुष्यंताला सगळं आठवतं आणि पश्चात्तापाने तो वसंतोत्सव बंद करतो. नव्यानेच आलेल्या दोन उद्यानपालिकांना हे माहीत नसतं. एक जण चवड्यांवर उभी राहून आंब्याचा पहिला मोहोर तोडते, ओंजळीत धरते, धनुष्य घेतलेल्या मदनाला अर्पण करते आणि मोहोराला सांगते, त्याच्या पाच बाणांत तूच वरचढ हो. कंचुकी, म्हणजे अंतःपुराचा म्हातारा अधिकारी, धावत येऊन रागावतो. पूजेचा विधी म्हणजे एवढंच: एक डहाळी आणि दोन ओळी. पुरोहित नाही, दक्षिणा नाही. मला हा प्रवेश त्यासाठीच फार मोलाचा वाटतो.

सण जुना किती? साधारण तिसऱ्या शतकातल्या 'कामसूत्रा'त नागरकाच्या, म्हणजे शहरी रसिकाच्या, दिनचर्येच्या अध्यायात सार्वजनिक क्रीडांची यादी आहे. सगळीकडे चालणाऱ्या तीन क्रीडा वात्स्यायनाने दिल्या आहेत: यक्षरात्री, कौमुदीजागर आणि सुवसंतक. सुवसंतक म्हणजेच मदनोत्सव आणि त्यात नाच-गाणं-वाजवणं भरपूर, असं टीकाकार यशोधर सांगतो. पुढे प्रांतोप्रांतीच्या क्रीडा आहेत. आंबे तोडण्याची, कमळाचे देठ खाण्याची, आणि उदकक्ष्वेडिका, म्हणजे बांबूच्या नळीतून पाणी उडवण्याची. पिचकारीचं वय विचारलं तर निदान एवढं सांगता येतं.

याच्याही मागे जायचं तर मराठी माणसाने हालाची 'गाथासप्तशती' उघडावी. सातवाहन राजाच्या नावावरचा हा माहाराष्ट्री प्राकृतातला संग्रह, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांतला. त्यातल्या एका गाथेत फाल्गुनाचा सण आहे. कोणीतरी एका तरुणीला चिखल फासला आहे, सणाचा दिवस म्हणून त्यात कोणी दोष धरत नाही. ती तो धुवायला निघते तेव्हा मैत्रीण म्हणते, धुतेस कशाला, घामानेच तो धुऊन निघालाय. कोणी फासला हे गाथा सांगत नाही, पण घाम कशामुळे फुटला हे वाचणाऱ्याला समजतं. इथे राजवाडा नाही, उद्यान नाही, कामदेवाचं नावही नाही. गावचा चिखल आणि गावचं प्रेम.

आता मूळ प्रश्न: सुरुवात कशी झाली? पुराणातली कथा आपल्याला पाठ असते. शंकराची समाधी भंग करायला मदन गेला, तिसऱ्या डोळ्याने जाळला गेला, रतीने विलाप केला. 'भविष्योत्तर पुराणा'त पुढचा भाग आहे. गौरीच्या शब्दाखातर शंकर मदनाला वर्षातून एकदा, चैत्र शुद्ध त्रयोदशीला, पुन्हा देह देतो आणि त्या दिवशी त्याचा महोत्सव करायचा. कथा देखणी आहे, पण माझ्या मते ती सणानंतर आली. गाथेतल्या चिखलाला, बांबूच्या पिचकारीला, अशोकाला मारायच्या लाथेला त्या कथेची काही गरज नाही. सणाच्या मुळाशी ऋतू आहे. थंडी सरली, पहिली पिकं घरात यायला लागली, आंबा मोहोरला, झाडांखाली बसता येऊ लागलं, बायका-मुली बागांत झोपाळे बांधू लागल्या. त्या खेळाला आधी देव मिळाला आणि मग देवाला गोष्ट.

कामदेव मात्र स्वतः फार जुना. 'अथर्ववेदा'च्या तिसऱ्या कांडात स्त्रीचं मन वळवण्यासाठी म्हणायचं एक सूक्त आहे. त्यात कामाच्या बाणाला तळमळीचे पंख लावले आहेत, टोक वासनेचं आहे. म्हणजे उसाचं धनुष्य आणि पाच फुलांचे बाण हातात येण्याच्या किती तरी आधी हा देव धनुर्धर होता. पुढे शहरांतून त्याची देवळं झाली. 'मृच्छकटिका'त वसंतसेनेला चारुदत्त पहिल्यांदा दिसतो तो उज्जयिनीच्या कामदेवाच्या देवळातल्या बागेत. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'त विदर्भातून शिकायला आलेला माधव पद्मावती नगरीतल्या मदनोद्यानाच्या जत्रेत मालतीला भेटतो, आणि त्याने ओवलेली बकुळीची माळ तिच्याकडे जाते. भवभूती स्वतः विदर्भातल्या पद्मपूरचा. दंडीच्या 'दशकुमारचरिता'त तर काममंजरी नावाची गणिका पैज लावून मरीची नावाच्या तपस्व्याला कामोत्सवाला घेऊन येते आणि जिंकते. अशी देवळं, अशा बागा, आणि वर्षातला एक दिवस जेव्हा घरंदाज मुलगी, गणिका, विद्यार्थी आणि राजा एकाच ठिकाणी येऊ शकत होते: मदनोत्सवाची खरी ताकद मला इथे दिसते.

म्हणून तो 'प्राचीन व्हॅलेंटाइन' होता का? इथे मी थोडा हात आखडता घेईन. आपल्या परंपरेचा अभिमान वाटावा, पण तिला दुसऱ्याच्या सणाचे कपडे घालायची गरज नाही. मदनोत्सवात कोणी कोणाला प्रेम कबूल करायचा दिवस असं काही नव्हतं. व्रतांच्या ग्रंथांत तो संसारी बाईचा दिवस आहे, तिने नवऱ्यालाच कामदेव मानून पूजायचं. नाटकांतल्या राजांना आधीच राण्या आहेत, आणि त्या दिवशी लाभलेल्या मोकळिकीची किंमत वासवदत्तेला आणि इरावतीला मोजावी लागते. सागरिका त्या दिवशी तिथे दासी म्हणून आहे, हेही विसरू नये. सण सुंदर होता आणि त्याचा समाज विषम होता. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

व्हॅलेंटाइनचं म्हणाल तर तिसऱ्या शतकातल्या त्या ख्रिस्ती हुतात्म्याचा प्रेमाशी संबंध दाखवणारा समकालीन पुरावा नाही. त्याच्या दिवसाशी जोडीदार निवडणं ठळकपणे जोडलं गेलं ते चौदाव्या शतकाच्या शेवटी, इंग्रज कवी चॉसरच्या एका कवितेत. त्या दिवशी पक्षी आपापली जोडी निवडायला जमतात, असं तो लिहितो. तिथेही आधी ऋतूचा भाव आणि मग संताचं नाव, असंच मला दिसतं.

आता 'बंद का पडला' याकडे येतो. मदनोत्सव अमुक आक्रमणात संपला किंवा तमुक राजवटीने दडपला, असं ठणकावून सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. अकराव्या शतकात अल्बिरूनी हा परदेशी विद्वान हिंदूंच्या सणांची नोंद करतो तेव्हा चैत्रात झोपाळ्याचा सण आहे, आणि चैत्र पौर्णिमेला बायका दागिने घालून नवऱ्याकडे भेटी मागतात असा सण आहे. झोपाळा मात्र आता वासुदेवाच्या मूर्तीला मिळालेला दिसतो. मला हीच खूण महत्त्वाची वाटते. मदनाचा वसंत हळूहळू कृष्णाकडे गेला. बाराव्या शतकात जयदेवाच्या 'गीतगोविंदा'त वसंत आहे, आंबा आहे, मदनाचे बाण आहेत, पण मध्यभागी राधा-कृष्ण आहेत. भक्तीने शृंगार बाहेर टाकला नाही, त्याचा मालक बदलला. दुसरीकडे होळीचा अग्नी मोठा होत गेला. 'होलाका', म्हणजे होळी, पूर्वेकडचे लोक करतात, असं मीमांसा या वेदार्थाच्या शास्त्रावरच्या शबराच्या जुन्या भाष्यात आहे. ती देशभर पसरली, आणि तिच्या पोटात पिचकारी, रंग, चिखल सगळं सामावलं. नगरातले मदनाचे बगीचे आणि देवळं उरली नाहीत, तेव्हा स्वतंत्र सण टिकायला जागाच राहिली नाही.

पण धर्मशास्त्रकारांनी त्याला सोडलं नाही. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकात 'चतुर्वर्गचिंतामणी' लिहितो, त्याच्या व्रतखंडात अनंगत्रयोदशीचं व्रत आहे. आणि पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी, म्हणजे बाबा पाध्यांनी, 1790 च्या सुमारास पुरा केलेला 'धर्मसिंधु' उघडला तर मदन किती ठिकाणी बसलाय ते दिसतं. माघ शुद्ध पंचमीला, वसंतपंचमीला, रती आणि काम यांची पूजा. धुळवडीच्या दिवशी चंदनासह आंब्याचा मोहोर प्राशन करायचा, त्याचा मंत्र:

चूतमग्र्यं वसन्तस्य माकन्द कुसुमं तव।
सचन्दनं पिबाम्यद्य सर्वकामार्थसिद्धये॥

घरच्या पंचांगात फाल्गुन वद्य प्रतिपदा काढून बघा, 'धूलिवंदन' या शब्दाशेजारी 'वसंतोत्सवारंभ' आणि 'आम्रकुसुमप्राशन' हे शब्द बहुधा सापडतील. शाकुंतलातल्या मुलीच्या ओंजळीतला मोहोर तो हाच.

आणि दवणा. चैत्र शुद्ध पक्षात देवांना दवणा वाहायचा, वेगवेगळ्या तिथीला वेगवेगळ्या देवाला. द्वादशीला विष्णूला, त्रयोदशीला कामदेवाला, चतुर्दशीला शंकराला. करड्या-हिरव्या, बारीक कातरलेल्या पानांच्या त्या जुडीचा वास आपल्याकडे कोणाला सांगावा लागत नाही. सुकला तरी तो जात नाही. कोल्हापूरजवळच्या जोतिबाला चैत्र यात्रेत गुलालखोबऱ्याच्या बरोबरीने दवणा वाहतात. दवण्याच्या पूजेचा जो मंत्र आहे त्याची सुरुवात अशी: 'कामभस्मसमुद्भूत रतिबाष्पपरिप्लुत'. मदनाच्या राखेतून उगवलेला आणि रतीच्या आसवांनी भिजलेला तो दवणा. ज्या शंकराने मदनाला जाळलं त्यालाच चतुर्दशीला ही राखेतली वनस्पती वाहायची, आणि तीही आदल्या दिवशी मदनाला वाहून झाल्यावर. हा क्रम ज्याने कोणी लावला त्याला प्रेमाबद्दल काहीतरी खोल कळलं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक धागा मराठीतून थेट तमिळनाडूत गेला आहे. तंजावरच्या मराठ्यांबरोबर लावणी तिकडे पोचली. तिथल्या कामन, म्हणजे कामदेवाच्या, उत्सवात लावणीचे दोन पक्ष समोरासमोर बसून वाद गातात. एक म्हणतो मदन जळला, दुसरा म्हणतो जळलाच नाही. आपल्या कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबाची ती लांबची भावंडं. प्रेमाच्या देवाला राखेतून उठवायचं की नाही यावर डफाच्या तालावर लोक भांडतात, याहून जिवंत परंपरा कोणती दाखवू?

तारखेबद्दल गोंधळ होतो, तोही इथेच सोडवून टाकतो. कोणी वसंतपंचमी सांगतं, कोणी होळी, कोणी चैत्र शुद्ध त्रयोदशी. तिन्ही बरोबर आहेत. हा एका दिवसाचा सण कमी आणि माघाच्या पूर्वार्धापासून चैत्रापर्यंतचा हंगाम जास्त होता. कामदेवाच्या विधिवत पूजेची ठरलेली तिथी मात्र चैत्र शुद्ध त्रयोदशी, पंचांगातली अनंगत्रयोदशी. 2024 साली वसंतपंचमी नेमकी 14 फेब्रुवारीला आली तेव्हा बऱ्याच जणांना त्यात संकेत दिसला. तो योगायोग होता, चांद्रमासाच्या हिशेबाने पुन्हाही येईल. बंगालमध्ये मात्र सरस्वतीपूजेचा हा दिवस तरुण मुला-मुलींनी नटूनथटून एकत्र फिरायचा दिवस म्हणून आधीपासूनच ओळखला जातो.

प्रश्नात विचारलेलं नाही, पण पुढचा प्रश्न बहुधा हाच असतो: आज करायचा तर कसा? मदनोत्सव पुन्हा सुरू करण्याच्या नावाखाली कोणाच्या 14 फेब्रुवारीवर काठी उगारणाऱ्यांचा या सणाशी काडीचाही संबंध नाही, हे आधी स्पष्ट सांगतो. ज्या सणात राजालाही राणीची आज्ञा गोड लागत होती, त्याच्या नावाने दोन माणसांना बागेतून हाकलणं हा त्या सणाचाच अपमान आहे. ज्यांना करायचा आहे त्यांनी अनंगत्रयोदशीला दवण्याची एक जुडी आणि आंब्याचा उशिराचा मोहोर मिळाला तर तो आणावा, ज्याच्यावर किंवा जिच्यावर प्रेम आहे त्यांना द्यावा. पूजेत नवऱ्याला कामदेव मानायचं असेल तर बायकोला रती मानायलाही काही हरकत नाही, वसंतपंचमीची पूजा दोघांचीच आहे. मग 'रत्नावली'चा पहिला अंक दोघांनी मिळून मोठ्याने वाचावा. मराठी भाषांतर घेतलं तरी चालेल. तासाभराचं काम आहे, आणि दासींचा तो निरोप आला की वाचणाऱ्यालाही हसू येतंच.